मदरबोर्डाचं तेवढं राहूनच गेलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरीच नॅस (सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवून नेटवर्कवरून उघडायचा डबा) कसा बनवायचा यावर अर्ध्या पानाचा लेख आला होता. लेख चांगला होता, वाद नाही, हार्ड डिस्क कुठली घ्यावी, मोबाइलमधले फोटो आपोआप कसे चढवायचे, सगळं सोपं करून सांगितलेलं. पण मदरबोर्डावर, म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्का सगळं जिला जोडतात त्या मुख्य पाटीवर, एकच ओळ, की कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा घ्या, जुना सर्व्हरचा स्वस्तात मिळाला तर उत्तमच. ह्या एका ओळीपायी माझे तेवीस हजार गेलेत (तेव्हा तुमचा लेख नव्हता, यूट्यूब होतं, पण ओळ हीच), म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर कापा.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मिरजेत खाली स्टुडिओ आणि वर घर. २००६ पासूनचा माल साठलाय, बुटांच्या दोन खोक्यांत चौदा एक्सटर्नल डिस्का, प्रत्येकीवर पांढरी पट्टी लावून साल लिहिलेलं, त्यातल्या तीन लावल्या की नुसत्या टकटक करतात. लग्नांबरोबर दर्ग्यातल्या उरसाच्या संगीत सभेचंही बरंच रेकॉर्डिंग आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं मोठमोठे कलाकार येऊन गातात, ते गाणं पुन्हा कोण तसंच गाणार आहे? आणि गिऱ्हाईक कसं, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर येतं नि म्हणतं व्हिडिओ असेल का हो तुमच्याकडे, आमचा पेनड्राइव्ह चालत नाही. घरचे फोटो तेवढे गुगलवर फुकट जात होते, तेही १ जून २०२१ पासून १५ जीबीत मोजायला लागले. शिवाय २०१९ च्या पुरात सांगलीतल्या एका धंदेवाल्या मित्राच्या डिस्का चिखलातून काढताना मी स्वतः हात लावलाय, तेव्हापासून डोक्यात होतंच की काहीतरी नीट करायचं.

तर मुंबईला एका कामाला गेलो होतो, लॅमिंग्टन रोडवर संगणकांच्या बाजारात चक्कर मारली आणि तिथे दोन सॉकेटचा सर्व्हर बोर्ड दिसला, वर दोन झिऑन ई५-२६७० बसवलेले, प्रोसेसर २०१२ चे, पण एकेकाला आठ कोअर, म्हणजे सोळा झाले की हो, आणि रॅमच्या पट्ट्या लावायला ही लांबलचक रांग. किंमत नव्या साध्या बोर्डापेक्षा कमी. माणूस भुलतो. मी भुललो. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर बोर्ड बारा इंच बाय तेरा इंच, आपलं नेहमीचं एटीएक्स कॅबिनेट साडेनऊ-दहा इंच रुंदीच्या बोर्डासाठी, मग मोठं कॅबिनेट आणलं. त्यात बोर्ड आडवा ठेवून स्क्रू मारले, बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला आणि बंद. परत दाबलं, परत अर्धा फेरा. दोन रात्री गेल्या. शेवटी पोरानं टॉर्च धरली तेव्हा दिसलं, कॅबिनेटची एक पितळी खुंटी अशा जागी होती जिथे ह्या बोर्डाला भोकच नव्हतं, ती सरळ मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होत होती. ती काढली, डिस्प्ले आला. दोन रात्री एका खुंटीनं खाल्ल्या.

मग प्रोसेसर थंड ठेवणारे कूलर. दोन्ही कूलर बोर्डाच्या भोकांवर बसेनातच, मला वाटलं दुकानदारानं फसवलं, तसं नव्हतं. ह्या २०११ पिनांच्या सॉकेटला कूलरची भोकं दोन प्रकारची येतात, एक चौरस ८० बाय ८० मिलिमीटर आणि एक अरुंद ५६ बाय ९४, सर्व्हरच्या बोर्डावर दाटीमुळे बरेचदा अरुंद असतात आणि बाजारात सहज मिळणारे कूलर चौरसवाले. परत ऑर्डर, परत आठवडा. प्रोसेसरला वीज द्यायला आठ पिनांचे दोन प्लग लागतात, माझ्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) एकच, तोही बदलला. हे सगळं जमेपर्यंत बोर्डाची सात दिवसांची चेकिंग वॉरंटी कधीच संपली होती.

एवढं करून चाललं, चाललं म्हणजे उत्तम चाललं, पण लाइटबिल! भिंतीवरच्या प्लगमध्ये लावायचा वॅट मोजणारा मीटर आणला तर एकही डिस्क न लावता, काही काम न करता नुसता बसलेला हा बोर्ड ११० वॅट ओढत होता. आता हिशोब असा, की एक वॅट वर्षभर चोवीस तास चालला की ८.७६ युनिट, हा आकडा पाठच करून ठेवा. ११० ला गुणा, ९६० च्या वर युनिट जातात. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेनऊ हजार, दरसाल, आणि घरचं मीटर असेल तर ह्या ऐंशी युनिटांनी महिन्याचा स्लॅब वर सरकतो तो वेगळाच. बायकोनं बिल समोर धरलं आणि विचारलं हा डबा करतो काय रात्री दोनला? खरंच काही करत नव्हता. घरचं नेटवर्क एक गिगाबिटचं, त्यातून सेकंदाला फार तर ११०-११५ एमबी जाणार, एक साधी नवी डिस्कसुद्धा त्याहून जोरात वाचते, तिथे सोळा कोअरांना काम कुठलं असणार. पाच माणसांच्या घराला लग्नातली आचाऱ्याची भट्टी लावल्यासारखं झालं ते.

दुसऱ्या वेळी मग उलटीकडून सुरुवात केली. आधी डिस्का किती ते ठरवलं. आठ टीबीच्या सहा, त्यातल्या कुठल्याही दोन मेल्या तरी चालेल असं लावायचं, म्हणजे वापरायला ३२ टीबी, मला पाच-सहा वर्षं पुरे. सहा डिस्का आणि सिस्टिमला एक एसएसडी, म्हणजे सात झाल्या, एक जागा हाताशी धरून बोर्डावर सॅटाचे (डिस्कची वायर लावायचे) आठ पोर्ट पाहिजेत. आठ पोर्ट चिपसेटचेच, म्हणजे बोर्डाच्या मूळ चिपचेच असलेले बरे. काही बोर्डांवर दहा-बारा पोर्ट दिसतात पण त्यातले निम्मे भलत्याच एखाद्या जास्तीच्या चिपवर लटकलेले असतात, त्यापेक्षा पुढे पोर्ट कमी पडले तर एलएसआयचं जुनं ९२११-८आय सारखं एचबीए कार्ड (जास्तीच्या डिस्का जोडायचं) आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्का जशाच्या तशा दिसतील असं करून टाकावं, एका कार्डावर आठ डिस्का लागतात. फक्त ते कार्ड सर्व्हरच्या वाऱ्यात राहायच्या हिशोबानं बनवलेलं असतं, घरच्या कॅबिनेटमध्ये हात लावला तर भाजतं, एक छोटा पंखा झिप टायनं बांधा त्याच्यावर.

आता रॅम, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सावकाश सांगतो. ईसीसी रॅम म्हणजे ६४ बिट डेटाबरोबर ८ बिट तपासणीचे जास्तीचे, एखादा बिट उलटला तर जागेवर दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं तरी. ती नसेल तर झेडएफएस (डिस्कांवर फायली मांडणारी नि त्यातल्या चुका तपासणारी सिस्टिम) चालतच नाही असं जे सांगतात ते खरं नाही, चालतं. पण वीस-वीस वर्षांच्या फायली ठेवायच्या आणि थोड्या पैशासाठी हे सोडायचं, मला पटत नाही. गंमत पुढे आहे. ईसीसीतही दोन जाती, साधी अनबफर्ड आणि रजिस्टर्ड. बाजारात जुन्या सर्व्हरची म्हणून कवडीमोलानं मिळते ती रजिस्टर्ड, आणि छोट्या सर्व्हर बोर्डावर बहुतेक वेळा ती चालतच नाही, लावली तर डिस्प्ले येत नाही. पट्टीवरचं लेबल वाचा, पीसी४-२४०० वगैरेच्या शेवटी इंग्रजी ई असेल तर अनबफर्ड ईसीसी, आर असेल तर रजिस्टर्ड, यू असेल तर ईसीसीच नाही. लेबल फाटलं असेल तर एका बाजूच्या मोठ्या काळ्या चिपा मोजा, साध्या पट्टीला आठ दिसतात, ईसीसीला नऊ, आणि मध्ये आणखी एक वेगळी चिप असेल तर ती रजिस्टर्ड. दुकानात मी चष्मा वर करून चिपा मोजत उभा होतो, पोरगं म्हणालं काका काय करताय.

प्रोसेसरचं तर अजब. इंटेलनं नवव्या जनरेशनपर्यंतच्या बऱ्याच डेस्कटॉप आय३ ला ईसीसी ठेवली होती आणि त्याच पिढीच्या आय५, आय७ ला नाही, म्हणजे महागडा घेतलात की ती सोय गेली. पण नुसता आय३ घेऊन भागत नाही, खाली सर्व्हरचाच चिपसेट पाहिजे. त्यात सी२३६ च्या बोर्डावर सहावी-सातवी जनरेशन, सी२४६ वर आठवी-नववी, दोन्हींचं सॉकेट बघायला गेलं तर ११५१ च, चुकीच्या जोडीतही प्रोसेसर बसतो पण चालत नाही. सुपरमायक्रो, असरॉक रॅक असल्यांचे हे बोर्ड जुन्या बाजारात मिळतात. मी कुठला घेतला ते लिहीत नाही, जाहिरात वाटायची. सी२३६ चा, छोट्या मायक्रो एटीएक्स आकाराचा, आय३-७१०० आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्या. डिस्का न लावता मीटरवर २८ वॅट. ११० आणि २८, फरक तुम्हीच काढा.

ह्या बोर्डांवर मशीन लांबून सांभाळायची आयपीएमआय नावाची सोय असते, तिच्यासाठी वेगळा छोटा प्रोसेसर आणि बरेचदा वेगळं लॅन पोर्टही, मशीन बंद असलं तरी ते जागं. कोल्हापुरात लग्नाच्या मांडवात असताना घरी वीज जाऊन आली आणि मशीन बायोसच्या (सुरू होतानाच्या पहिल्या) स्क्रीनवर अडकलं, मी हॉलच्या मागच्या बाजूला जेवणाच्या रांगेत उभा राहून मोबाइलवर घरच्या व्हीपीएनमधून (बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित वाटेनं) तो स्क्रीन उघडला, एफ१ दाबलं, झालं. पण हे पोर्ट कधीही सरळ इंटरनेटवर उघडं टाकू नका आणि पासवर्ड पहिल्या दिवशी बदला, सुपरमायक्रोच्या जुन्या बोर्डांवर युजर नि पासवर्ड दोन्ही एडमिनच असायचे. दुसरी भानगड पंख्याची. मी आवाज नको म्हणून हळू फिरणारा पंखा लावला, बोर्डाला वाटलं पंखा बंद पडला, त्यानं सगळे पंखे फुल सोडले, मग वेग वाढलेला बघून परत खाली, परत घाबरला, परत फुल. रात्रभर डबा दमा लागल्यासारखा घुं... शांत... घुं. आयपीएमआयटूल नावाच्या प्रोग्रामनं पंख्याची खालची मर्यादा कमी करून दिली तेव्हा थांबलं.

आणखी एक, तुमच्या लेखात बोर्डाच्या बायोसमधलं रेड (अनेक डिस्का एकत्र बांधायची सोय) चालू करायला सांगितलंय. ते कृपा करून करू नका. इचलकरंजीच्या एका ओळखीच्यानं तसं केलं होतं, बोर्ड गेला, तसाच बोर्ड शोधायला दोन महिने लागले आणि तोवर डिस्का धडधाकट असून आतलं काही दिसेना. बोर्ड आज ना उद्या मरणारच. डिस्का झेडएफएसवर असल्या तर त्या कुठल्याही दुसऱ्या बोर्डाला, कुठल्याही क्रमानं लावा, पूल (एकत्र बांधलेल्या डिस्कांचा गट) इम्पोर्ट होतो, मी जुन्यावरून नव्या बोर्डावर असाच आणला, पंधरा मिनिटांत.

जाता जाता, जुन्या बाजारात प्रोसेसर चिकटवूनच आलेले इंटेल अ‍ॅटम सी२००० चे छोटे बोर्ड दिसतील, २० वॅटचे, बारा-बारा पोर्ट, फार गोड दिसतात. त्या प्रोसेसरच्या सुरुवातीच्या लॉटमध्ये क्लॉकचा सिग्नल काही काळानं बंद पडायचा दोष होता, २०१७ मध्ये इंटेलनंच ते जाहीर केलं, एकदा गेला की मशीन चालूच होत नाही. नंतर सुधारलेले आले, पण विकणाऱ्याला त्यातला फरक सांगता येईलच असं नाही.

तो दोन सॉकेटवाला बोर्ड विकायला काढला तर साडेतीन हजार म्हणाले, दिला नाही. पोरानं यंदा शाळेच्या प्रदर्शनात संगणकाचे अवयव म्हणून पुठ्ठ्यावर लावून नेला, खाली बाणांनी नावं लिहून. दुसरा नंबर आला, पहिला पवनचक्कीला.

आपला,
एक वाचक, मिरज