वजनकाट्यावर धावून आलेल्या दादांना

दादा, तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहीत आहे. पण आभार मानल्याशिवाय राहवेना म्हणून लिहितोय.

आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीत वजनकाट्याचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो, जुन्या वेंडरनं लिहून दिलेला. हातानं चालू केला की झकास, पण सकाळी मशीनबरोबर आपोआप सुरू झाला की त्याला स्वतःच्याच फोल्डरमधली सेटिंगची फाइल सापडायची नाही आणि पावतीवर पार्टीचं नाव कोरं. बाहेर भंगाराचे ट्रक लाइनीत, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, मालक माझ्याकडं बघतायत. पैसे देऊन बोलावलेले एक साहेब आले, चहा घेतला, "फॉरमॅट मारा" म्हणाले आणि गेले. दुसऱ्यानं तर फोनवरच सांगितलं, पोराला लिनक्स झेपत नाही, विंडोज टाका. फोन स्पीकरवर होता, दादा.

तुम्ही आल्या आल्या एवढंच विचारलंत, "ह्याला सुरू कोण करतंय?" हे आधी कुणीच विचारलं नव्हतं राव! प्रोग्राम आपला पत्ता आर्गव्ही झिरोवरून, म्हणजे सुरू होताना त्याच्या हातात दिलेल्या पहिल्या शब्दावरून, काढत होता, आणि तिथं काय जाईल ते सुरू करणारा ठरवतो, कधी पूर्ण पाथ, कधी नुसतं नाव, मनात आलं तर भलतंच काहीतरी. पाहुण्याचं गाव रिक्षावाल्याला विचारल्यासारखं झालं ते. मग तुम्ही म्हणालात कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, विचारूया, आणि कर्नल चालू प्रोग्रामची माहिती दाखवतो त्या प्रॉक फोल्डरमध्ये सेल्फच्या खाली एक्झी नावाची लिंक असते (/proc/self/exe) ती रीडलिंक ह्या लिंक वाचायच्या फंक्शननं वाचली तर सगळा पाथ समोर. वर हेही सांगितलंत की चालू प्रोग्रामची फाइल अपडेटमध्ये उडाली तर त्याच पाथच्या शेवटी 'डिलिटेड' असं चिकटून येतं, तेवढं सांभाळा. मॅकवर हे चालत नाही, तिथं वेगळं फंक्शन, फ्रीबीएसडी ह्या आणखी एका सिस्टिमवर सिसकंट्रोल नावाचं फंक्शन, ह्या सगळ्या युनिक्सच्या कुळाला चालेल असा एक रस्ता पॉसिक्सनं, म्हणजे त्यांच्या सामाईक नियमावलीनं, दिलेलाच नाही.

पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. काम झाल्यावर तुम्ही बॅग उचललीत, दारापर्यंत गेलात आणि परत फिरून मालकांच्या टेबलापाशी आलात. म्हणालात, "मालक, पोरगा बरोबर जागी शोधत होता. ह्यात भले भले अडकतात." बस. मी तिथंच प्रिंटरचा कागद नीट करायचं नाटक करत उभा होतो, कारण डोळे भरून आले होते आणि काट्यावरचा गडी माझ्याकडंच बघत होता. तुम्हाला त्यात काय मिळणार होतं? काही नाही. न सांगता गेला असता तरी चाललं असतं, पैसेही तुम्ही घेतले नाहीत.

काम येणारी माणसं लय भेटतात ओ, दुसऱ्याची पत राखून काम करणारी कमी. आपल्याला जास्त कळतं म्हणून समोरच्याला बारकं करायचं नाही, एवढी साधी माणुसकी बऱ्याच हुशार लोकांना जमत नाही, आणि ती तुमच्याकडं सहज आहे, तुम्हाला कळतसुद्धा नाही.

फॉरमॅटवाल्या साहेबांचं व्हिजिटचं बिल आलंय. मालक म्हणतात, बघू.