‘चष्मेबद्दूर’ एवढा काही निरागस नाहीये

संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘चष्मेबद्दूर’वर आलेला लेख वाचला. छान लिहिलाय, फारूख शेख आणि दीप्ती नवलवरचा भाग तर मी बहिणीला फोनवर वाचून पण दाखवला. पण लेखकाने तीन ठिकाणी ‘निरागस’ म्हटलंय आणि एकदा ‘घरच्यांसोबत बसून बघावा असा स्वच्छ सिनेमा’, तिथे माझं अडलं. बघावा, जरूर बघावा. पण निरागस?

मी हा सिनेमा १९८१ साली टॉकीजमध्ये पाहिला, फर्स्ट ईयरची परीक्षा नुकती आटोपली होती, आम्ही चार मुली बाल्कनीत आणि खाली आमच्याच कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत बसलेली. दिल्लीतली एक खोली, तीन पोरं, लल्लन मियांच्या ठेल्यावर वाढत चाललेली उधारी, कामधंदा कमी आणि सिगारेटचा धूर जास्त. त्यातले ओमी आणि जोमो दोघंही शेजारच्या नेहाला, म्हणजे दीप्ती नवलला, पटवायला जातात, दोघंही फजिती करून घेऊन परत येतात, आणि खोलीवर आल्यावर सांगतात भलतंच! ती कशी भाळली, मग आम्ही कसे हिंडलो, वगैरे. त्यात हिंदी सिनेमातली जुनी गाणी अशी काही पेरलीत की हसून हसून पोट दुखतं. आता यात गंमत अशी की खरं काय झालं ते आपल्याला माहीत असतं, म्हणजे दिग्दर्शिका सई परांजपे आपल्याला त्या दोघांवर हसायला सांगतायत. खालची पोरं मात्र त्यांच्यासोबत हसत होती. हा फरक मला त्या वयात कळला नव्हता, मी पण हसत होते.

त्याच वर्षी थंडीत आमच्या वर्गातल्या एका मुलाने पानाच्या गुमटीवर माझं नाव घेऊन सांगितलं की काल रात्री मी हिला सराफ्यात, आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊ घातले. काल रात्री मी घरी आजीच्या गुडघ्याला तेल चोळत होते. पण गोष्ट गुमटीवरून दादाच्या मित्राकडे, तिथून दादाकडे, आणि माझ्या सायकलची किल्ली जी बाबांच्या कोटाच्या खिशात गेली ती संक्रांत होईपर्यंत बाहेर आली नाही. त्या मुलाचा मला आता राग नाही, तो बोलला आणि बहुतेक विसरून पण गेला असेल. राग दादाचा येतो, कारण मी शेजारच्या खोलीतच होते आणि त्याने मला एकदा पण विचारलं नाही की काय गं, गेली होतीस का.

म्हणून म्हणते, सगळे ओमी-जोमोला नावं ठेवतात आणि तिघांतला तिसरा, सिद्धार्थ, सुटतो. सज्जन, अभ्यासू, अर्थशास्त्रवाला, त्यात फारूख शेखचा तो चेहरा, कोण बोट दाखवणार! पण गाडी अडते ती त्याच्यापाशी. त्याचं नेहाशी जमलंय हे कळल्यावर मित्र जळतात आणि तिच्याबद्दल वाटेल ते सांगतात, हे वाईटच, पण मित्र तसले आहेत हे आपल्याला पहिल्या रिळापासून ठाऊक असतं. सिद्धार्थला नेहा ठाऊक असते ना? तिने त्याच्या खोलीवर येऊन चमको पावडरमध्ये त्याचा टॉवेल धुऊन दाखवलाय. (त्या काळात एकटी मुलगी दारोदार जाऊन साबणाची पावडर विकतेय, बॅचलर पोरांचं दार न घाबरता वाजवतेय, याबद्दल लेखात एक ओळ नाही, हे पण लिहून ठेवते.) आइसक्रीम खाताना दोघांच्या तासन्तास गप्पा झाल्यात. एवढं असून तिचं ऐकून घ्यायच्या आधीच त्याला पटतं. आणि मित्रांना पश्चात्ताप होतो तो सुद्धा सिद्धार्थचे हाल बघून, नेहाचं काय केलं ते बघून नाही.

बाईंनी हे मुद्दाम असं ठेवलं असावं असं मला वाटतं, कारण पहिला अर्धा भाग फार हुशारीने बांधलाय, एक सीन इकडचा तिकडे नाही. पण मग शेवटी त्या कचरल्या. नेहाच्या आजीला (लीला मिश्रा) सोबत घेऊन मित्रांनी केलेला नेहाच्या खोट्या अपहरणाचा प्लान, ते खरंच अपहरण होऊन बसणं, मग मारामारी, धावपळ... दोन मिनिटांचं सरळ बोलणं हवं होतं तिथे एवढा गोंधळ घातला. हा माझ्या मते सिनेमाचा सगळ्यात कच्चा भाग आहे आणि लेखकाला तोच ‘धमाल’ वाटलाय, असो, आवड आपापली. २०१३ मध्ये डेव्हिड धवननी तो नव्याने काढून गोव्याला नेला तेव्हा तर नुसती धमालच उरली. बरं तर बरं, जुना पण दुरुस्त प्रिंटमध्ये त्याच दिवशी परत लागला, ५ एप्रिलला. मी जुन्यालाच गेले.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, रामबागेत आमच्या वरच्या खोलीत तीन मुलं भाड्याने राहतात, पीएससीची तयारी करतात (करतात असं ते म्हणतात). तुमचा लेख वाचून मी त्यांना म्हटलं चला रे, पोहे करते, बघू. लॅपटॉप टेबलावर, आम्ही चौघं. लल्लनची उधारी बघून एक म्हणाला काकू, आता गुमटीवर पण क्यूआर लागलाय, उधारीचा चान्सच गेला. चमकोच्या सीनला खदखदून हसले, बढाया सुरू झाल्या तेव्हा पण हसले, दोघं जास्त, एक कमी. सिद्धार्थ तोंड पाडून बसला तेव्हा तो कमी हसणारा म्हणाला, काकू, याने तिला एक फोन तरी करायचा ना. दुसरा म्हणाला येड्या, तेव्हा सगळ्यांकडे फोन कुठे होते.

मी म्हटलं, फोनचं सोड रे, मोटरसायकल होती ना त्यांच्याकडे.

आपली,
एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर