पीएचडी करा, पण रिसर्च मेथड नीट शिकवा

मा. संपादक,

सध्या बरेच शिक्षक नोकरी सांभाळून शैक्षणिक मानसशास्त्रात पीएचडी करतायत, २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत पार्ट टाइम पीएचडीला स्पष्ट परवानगी आहे ही खरंच चांगली गोष्ट आहे, कारण वर्गातली पोरं रोज बघणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते बाहेरच्याला सुचणारही नाहीत. पण कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यातच मेथड, एथिक्स सगळं, आणि स्टॅटिस्टिक्स म्हणजे टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते बघायची चाचणी) कशी लावायची एवढंच पदरात पडतं.

एका तुकडीला नवीन पद्धतीने शिकवायचं, दुसरीला नेहमीच्या आणि मग मार्कांची तुलना, अशी डिझाइन खूप दिसते. पण मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात, तयार तुकड्याच घेतलेल्या असतात, प्रत्येक तुकडीला वेगळ्या बाई, मग फरक पद्धतीमुळे पडला की बाईंमुळे हे कसं कळणार? कागदावर ८० मुलं दिसतात पण खरं बघितलं तर तुकड्या दोनच! शिवाय शहरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी केलेली प्रश्नावली आश्रमशाळेतल्या सातवीच्या पोरांना तशीच देतात, आधी थोड्या मुलांवर वापरून विश्वसनीयता (म्हणजे तिची उत्तरं कितपत सातत्याची येतात) पण तपासत नाहीत, हे मला फार खटकतं.

सगळं गाइडवर ढकलून चालणार नाही, एका प्रोफेसरकडे ८ पर्यंत विद्यार्थी असू शकतात. विद्यापीठांनी सुट्टीच्या दिवशी स्टॅटिस्टिक्सचे वर्ग घ्यावेत आणि डेटा गोळा करायच्या आधीच जाणकार माणसाकडून प्रत्येकाची डिझाइन तपासून द्यावी.

– एक माध्यमिक शिक्षक, सांगली