वर्दी गप्प राहील, पण तिला कोणी बोलायला लावू नये

प्रति,
मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

जय हिंद.

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता जुळे सोलापुरात राहतो. थेट विषयावर येतो. नोकरीत असलेल्या जवानाने फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला राजकारण लिहू नये, हा नियम मला मान्य आहे. तो सैल करा असं सांगायला हे पत्र नाही. नियम जवानाने पाळायचा आणि बाकीच्यांनी त्याच जवानाच्या वर्दीवर मतं मागायची, हे मात्र मला पटत नाही.

गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वेशीवर एक मोठा डिजिटल फलक लागला होता. वर पुढाऱ्यांचे चेहरे, मध्ये हात जोडलेला उमेदवार आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून पंधरा-वीस पोरांचे फोटो. त्यात एक चेहरा वर्दीतला. अंगात कॉम्बॅट ड्रेस, डोक्यावर बेरेट, खाली नाव आणि नावापुढे 'इंडियन आर्मी'. पोरगा माझ्या चुलत भावाचा. तो तेव्हा काश्मीरमध्ये ड्यूटीवर. फोटो त्याच्या लग्नातल्या फलकावरून उचललेला, त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी फोन लावला तर त्याचा पहिला प्रश्न, "काका, युनिटमध्ये कुणी पाठवला तर नाही ना?" उमेदवाराच्या माणसाला म्हटलं, बाबा, एवढा फोटो काढ. तो हसून म्हणाला, "सुभेदारसाहेब, देशप्रेमच आहे की त्यात." शेवटी पोराच्या आईनेच दुपारच्या वेळी स्टूल लावून विळ्याने तेवढा तुकडा कापून आणला.

त्या उमेदवाराला कुणी जाब विचारला नाही, विचारणारही नव्हतं. फोटो युनिटमध्ये पोहोचला असता तर सीओ साहेबांसमोर, म्हणजे युनिटच्या प्रमुखासमोर, पेशी मात्र पोराची झाली असती.

कायदा आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र गावाकडची मंडळीही वाचतील. राज्यघटनेच्या कलम 33 नुसार संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालता येते. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम 21 त्यावरच उभं आहे. 1954 च्या आर्मी रूल्समधला नियम 20 सांगतो की राजकीय सभेला जायचं नाही, मोर्चात सामील व्हायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही. नियम 21 सांगतो की राजकीय प्रश्नावर किंवा सेवेच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापायचं नाही, वर्तमानपत्राला कळवायचं नाही. मतदानाचा हक्क तेवढा शाबूत आहे. टपालाने मत पाठवा आणि गप्प बसा. मी माझी सगळी नोकरी तेच केलं आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

सोलापूरच्या माणसाला तर हे जास्त कळायला हवं. 12 मे 1930 ला या शहरात मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली म्हणून माणसं पकडली गेली. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी झाली. गावाचा कारभार लष्कराच्या हाती जातो म्हणजे काय होतं, हे आमच्या आजोबांच्या पिढीने भोगलेलं आहे. मार्शल लॉच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 23 एप्रिल 1930 ला, पेशावरमध्ये हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला होता. माझ्या मनात त्यांची जागा फार वरची आहे. पण या नकाराबद्दल गांधीजींना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी, शपथ घेतलेल्या शिपायाला हुकूम मोडायला मी सांगू शकत नाही, उद्या आमचं राज्य आलं की हेच शिपाई आमच्याही हाताखाली असतील, अशा अर्थाचं उत्तर दिलं. सोलापूरच्या हुतात्मा चौकात उभं राहून हे उत्तर गिळायला जड जातं. तरी मी गांधीजींच्या बाजूचा आहे. शिपायाने कुठला हुकूम कुठल्या पक्षाचा हे बघायला सुरुवात केली की संपलं.

आता जिथे खरी अडचण आहे तिथे येतो. राजकारण कुठे संपतं आणि जवानाचं रोजचं दुखणं कुठे सुरू होतं, हे कुणी नीट सांगत नाही. 2017 च्या जानेवारीत बीएसएफच्या, म्हणजे सीमा सुरक्षा दलाच्या, एका जवानाने करपलेली रोटी आणि पातळ डाळ दाखवणारा व्हिडिओ टाकला. बीएसएफ आपल्याकडे नाही, गृहखात्याकडे आहे, हे मला माहीत आहे. पण बोलबाला सगळ्या वर्दीचा झाला. त्याच महिन्यात तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवण्याचं सांगितलं आणि सोशल मीडियावर गाऱ्हाणं मांडाल तर कारवाई होईल अशी ताकीदही दिली. जवान एप्रिलमध्ये बडतर्फ झाला आणि 2019 ला वाराणसीत उमेदवारी अर्ज घेऊन उभा राहिला. अर्ज बाद झाला ते सोडा. डाळीची तक्रार वेळेत ऐकली असती तर ती निवडणुकीच्या मैदानापर्यंत गेलीच नसती, असं मला वाटतं. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 26 मध्ये जवानाला वरिष्ठांकडे दाद मागण्याचा मार्ग दिलेला आहे. तो चांगला आहे. पण त्याचं उत्तर किती दिवसांत मिळणार हे जवानाला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. मोबाइलवर उत्तर दोन मिनिटांत येतं, पेटीतून कधी येतं कुणास ठाऊक!

अग्निपथचंच घ्या. जून 2022 मध्ये सैन्यभरतीची ही योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यातले 25 टक्क्यांपर्यंत पुढे कायम. सेक्शनमध्ये नवीन पोरगं तयार व्हायला किती वेळ लागतो, हे हवालदाराइतकं कुणाला कळणार? तो बोलला तर ते सेवेच्या विषयावरचं मत, आणि विषय प्रचारात असल्यामुळे राजकारणही. म्हणून तो बोलत नाही, आणि ज्यांनी एक रात्र बंकरमध्ये काढली नाही ते टीव्हीवर त्याच्या वतीने बोलतात. हवालदाराचं मत जाहीर होऊ नये हे ठीक. पण सैनिक संमेलनात, म्हणजे अधिकारी आणि जवान एकत्र जमतात तिथे, तरी ते मोकळेपणी मांडता यावं आणि वरपर्यंत जावं, एवढी सोय करता येईल की नाही? आणि या योजनेतली हीच अग्निवीर पोरं चार वर्षांनी ऐन तिशीच्या आत, हातात फोन घेऊन गावात परत येणार आहेत. सगळे पक्ष त्यांची वाट बघत बसलेत. माजी सैनिकाला बोलायचा पूर्ण हक्क आहे, मीही तो आत्ता वापरतोय. पण जुन्या वर्दीतला फोटो डीपीला लावून पक्षाचा प्रचार करू नये, हे निरोपाच्या वेळी त्यांना कुणीतरी समजावून सांगा.

2020 च्या जुलैमध्ये फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप काढून टाकायचा हुकूम निघाला. एक लेफ्टनंट कर्नल त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली गेली. शत्रूचे हेर फेसबुकवर बाईच्या नावाने गळ टाकून बसलेले असतात, त्यामुळे सुरक्षेचा मुद्दा खराच आहे. पण भावकीच्या ग्रुपचं काय? भाऊ सरपंचपदाला उभा, वहिनी फॉरवर्ड करते, जवान त्यावर पसंतीचा अंगठा टाकतो. तो अंगठा म्हणजे नियम 21 चा भंग का? 1954 साली नियम लिहिताना समोर वर्तमानपत्र होतं. आज काय चालेल आणि काय चालणार नाही, हे एका पानात, मराठीत, तमिळमध्ये, पंजाबीत लिहून रोलकॉलला, म्हणजे हजेरीला, वाचून दाखवा. घरच्यांसाठी त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लावा.

आणि पुढाऱ्यांसाठी काय? निवडणूक आयोगाने सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका असं पक्षांना 2013 च्या डिसेंबरमध्ये कळवलं, 2019 च्या मार्चमध्ये पुन्हा बजावलं. त्यानंतर महिनाभरात उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी सेनेला 'मोदीजींची सेना' म्हटलं, आयोगाने जपून बोला एवढं सांगितलं. 9 एप्रिलला आमच्या शेजारी, लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत, पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना ते मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या शहिदांना समर्पित करता येईल का, असं विचारलं. आयोगाला त्यात वावगं दिसलं नाही. शिपायाला पसंतीचा अंगठा टाकायचीही चोरी आणि व्यासपीठावर वर्दीचं नाव घ्यायला मुभा, हा हिशेब मला लागत नाही.

आपल्या अखत्यारीत असलेलं एक काम सांगतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि आमच्या वेशीवरचा डिजिटल अशाच निवडणुकीतला होता. वर्दीतला कुठलाही चेहरा प्रचारात दिसला तर उमेदवारावर कारवाई करावी, असं पत्र आपल्या मंत्रालयाने प्रत्येक राज्याच्या आयोगाला पाठवावं. आणि फोटो परवानगीशिवाय लावला असेल तर जवानाची चौकशी सुरू करण्याआधी लावणाऱ्याची तक्रार युनिटनेच पोलिसांत द्यावी.

कळावे,

आपला,
एक निवृत्त सुभेदार
जुळे सोलापूर, सोलापूर