नवाची शाळा चौथीपर्यंतच का?

संपादक महोदय,

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. लहानग्यांची झोप पुरी व्हावी म्हणून. चांगलंच झालं. पण माझी मुलगी नववीत आहे, तिला फिट येतात, आणि गेल्या वर्षापर्यंत तिची शाळा सात दहाला भरायची.

सुरुवात सातवीत झाली, पण आम्हाला कळलंच नाही. सकाळी सव्वासहाला वेणी घालताना तिचा हात एकदम झटकला जायचा आणि कंगवा उडून आरशावर आपटायचा. कधी चहा हिंदकळून युनिफॉर्मवर. मी तिला धांदरट म्हणायचे, एकदा डब्याच्या घाईत पाठीत धपाटाही घातला. तो अजून मला बोचतो. आठवीच्या सहामाहीत भूगोलाच्या पेपरआधी ती रात्री एकपर्यंत जागली, साडेपाचला उठली आणि प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. अशा वेळी फक्त कुशीवर वळवायचं असतं, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "झोपते किती वाजता?" ते सकाळचे झटके हाच आजार होता. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचा हा ओळखीचा प्रकार. उठल्या उठल्या हात झटकतात आणि जागरण झालं की मोठी फिट येऊ शकते. ईईजीच्या, म्हणजे मेंदूचा आलेख काढण्याच्या तपासणीच्या, आदल्या रात्री तिला मुद्दाम जागं ठेवायला सांगितलं होतं. पहाटे तीनला आम्ही दोघी गॅलरीत पत्ते खेळत बसलो होतो, तिचे डोळे मिटत होते आणि मी तिला हलवून जागं करत होते. झोप अपुरी असली की मेंदूतला बिघाड आलेखावर दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून हे जागरण. म्हणजे बिघाड पकडण्यासाठी डॉक्टरांनी एक रात्र जे करायला लावलं, ते आम्ही शाळेच्या वेळेपायी वर्षभर करत आलो होतो.

"लवकर झोपवा ना तिला," असं सगळे सांगतात. दुसरीतलं मूल रात्री नवाला पेंगतं. वयात येणाऱ्या मुलांचं शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, अंथरुणात पडूनही झोप येत नाही. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. साडेपाचला उठायचं तर साडेनऊला डोळा लागायला हवा, आणि क्लासच नऊला सुटतो! बरं, ज्यासाठी हा आटापिटा, तो दहावीचा बोर्डाचा पेपर सुरू होतो अकराला.

आमच्या मुख्याध्यापिकांनी डॉक्टरांचं पत्र वाचून तिला दुपारच्या तुकडीत घेतलं. गोळ्या दोन्ही वेळच्या चालूच आहेत, त्या चुकवून चालत नाही. पण आता दहाला दिवा बंद, सातला उठायचं, रविवारीसुद्धा. नवरात्रात दांडियाहूनही ती दहाला परत आली, रडत आली, पण आली. अकरा महिने फिट नाही.

ओपीडीत भेटणाऱ्या एका मुलाला मात्र त्याच्या शाळेने नकार दिला. एकाला सवलत दिली तर सगळेच मागतील, म्हणे. त्याची आई रोज सकाळी त्याच्यासोबत रिक्षातून जाते आणि पहिला तास होईपर्यंत फाटकाशी थांबते.

दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना इमारत एकच असते, हे मला कळतं. सगळ्यांची वेळ एकदम बदलणं जमणार नसेल, तर निदान डॉक्टरांचं पत्र आणणाऱ्या मुलांना दुपारचं सत्र, किंवा गैरहजेरी न लावता पहिल्या दोन तासांची सूट मिळावी. आणि ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर न सोडता शिक्षण विभागाने लेखी आदेश काढून द्यावी, ही विनंती.

— एक आई, डोंबिवली (पूर्व)