हुप्प्यासाठी पिंजरा लावण्याआधी : मा. वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी कोथरूडला राहते, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माहेर मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे. तिथल्या वानरांबद्दल लिहिते आहे. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा; त्यांच्या टोळीचा म्होरक्या नर तो हुप्प्या. लाल तोंडाचं, डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेलं माकड वेगळं. बोलताना आपण दोघांनाही माकडच म्हणतो, पण दोघांचं पोट वेगळं आणि संसारही वेगळा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गावातल्या दुकानाच्या पायरीवर एका हुप्प्याने एका पोराच्या हातातली वेफर्सची पुडी ओढली. पोरगं पडलं, कोपराला चार टाके. गाव चिडलं आणि चिडणं साहजिकच होतं. त्याआधी दोन वर्षं वालाच्या शेंगा घरात आल्याच नव्हत्या. खटपट करून पिंजरा आला, आत केळी ठेवली, हुप्प्या सापडला आणि गाडीत घालून लांब कुठेतरी सोडला. भावाचा फोन आला, "ताई, सुटलो एकदाचे."

आठवडाभरात ओढ्यापलीकडून पाच-सहा तरणे नर आले. दिवसभर हुपहुप, पत्र्यांवर धडधड, पाठलाग. शेवटी त्यांच्यातला एक टोळीत राहिला, बाकीचे निघून गेले. त्या टोळीत चार तान्ही पिल्लं होती. महिना उलटायच्या आत एकही उरलं नव्हतं.

त्यातलं एक मी पाहिलं. मे महिन्यात माहेरी गेले होते. एक वानरीण पडवीच्या पत्र्यावर आली, तीन पायांवर चालत, कारण चौथा हात पिल्लाला धरण्यात अडकला होता. पिल्लाच्या कमरेजवळ खोल दातांची खूण. कडेच्या टाकीवर पाणी प्यायला वाकायच्या आधी तिने त्याला शेजारी नीट ठेवलं, माश्या हाकलल्या, दोन घोट प्यायली, पुन्हा उचललं. तिसऱ्या दिवशी ते वाळक्या कातड्यासारखं झालं होतं तरी तिच्या हातातच होतं. चौथ्या दिवशी ती रिकाम्या हाताने दिसली. हौदात पाणी चढल्यावर पिल्लाला पायाखाली घेणाऱ्या माकडिणीची गोष्ट आपण सगळेच लहानपणी ऐकतो. ती रचणाऱ्याने वानरीण जवळून पाहिली नसावी.

आई म्हणाली, "नवा हुप्प्या पिसाळलाय." तो पिसाळलेला नव्हता. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने 1960च्या दशकात धारवाडजवळ हेच पाहिलं आणि 1970च्या दशकात सारा हर्डी यांनी माऊंट अबूला. एका नराच्या टोळीवर बाहेरच्या नराने ताबा मिळवला की अंगावर पिणाऱ्या पिल्लांवर हल्ले होऊ शकतात. वानरीण पाजत असते तोवर सहसा माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकर येते आणि पुढचं पिल्लू नव्या नराचं असतं. प्रत्येक ताब्यानंतर हे होतंच असं नाही, आणि जंगलातही हुप्पे बदलतातच. पण तिथे ते आपापल्या वेळेने बदलतात. आमच्याकडे आम्ही तो ऐन पाजत्या माद्यांच्या दिवसांत बदलला.

आता हिशोब बघा. वानरिणीला दिवस गेले की साधारण 200 दिवसांनी बाळंतपण. एका वेळी बहुधा एकच पिल्लू. जन्मतः काळपट, तोंड आणि कान गुलाबीसर. पहिल्याच दिवसापासून ते या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं, कारण टोळीतल्या बाकीच्या माद्या बहुतेक नात्यातल्याच, मावश्या, आज्या, थोरल्या बहिणी. आपल्या उलट आहे तिथे : लेकी जन्मभर माहेरी राहतात आणि मुलगे घराबाहेर पडतात. (वर्गात हे सांगितलं की मुली हमखास टाळ्या वाजवतात.) पिल्लू पुढे वर्षभर तरी पितं. म्हणजे आमच्या टोळीतल्या त्या चार जणी यंदा बाळंत व्हायच्याच नव्हत्या. त्यातल्या तिघी माघात झाल्या. वानर कमी करायला पिंजरा आणला आणि पाळणे वर्षभर अलीकडे आले.

दुसरी गोष्ट खाण्याची. वानराचं पोट पानं पचवायला घडलेलं असतं. गाईगुरांसारखे त्यात कप्पे असतात आणि पाला आंबवायचं काम जिवाणू करतात. साखर, मैदा, तळण पडलं की ही घडी बिघडते. पण बिघडलेल्या पोटानेही वानर खातच राहतं, कारण आयतं मिळतं. आयत्या खाण्याचा पाळण्याशी सरळ संबंध आहे. जोधपूरला लोक वानरांना वर्षानुवर्षं खाऊ घालतात, तिथे दोन बाळंतपणांतलं अंतर सव्वा वर्षाच्या आसपास मोजलं गेलं. जंगलच्या अन्नावर राहणाऱ्या टोळ्यांत ते दोन वर्षांच्याही पुढे जातं.

पावसाळ्यात एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटात साध्या गाडीने येऊन बघा, ताफा नको. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, काचा खाली, बाहेर आलेल्या हातांत मक्याची कणसं, क्रीमची बिस्किटं. शनिवारी केळी आणि फुटाणे, कारण वार मारुतीचा. जिलब्या मारुती आणि पत्र्या मारुती ज्या शहरात आहेत त्या शहराला मारुतीसाठी पन्नास किलोमीटर गाडी का हाकावी लागते, हे मला न सुटलेलं कोडं आहे. पोटाला पिल्लू चिकटलेली वानरीण त्या गाड्यांच्या मधून वाट काढते. रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून ती खाली उतरते. आणि उतरल्यावर खायला मिळतं, म्हणून तिथेच रेंगाळते. मग ब्रेकचा आवाज येतो.

आणि वेफर्स हिसकावणारा तो हुप्प्या? पुडीचा आवाज म्हणजे खाणं, हे त्याला जंगलाने शिकवलं नव्हतं. आम्ही पुणेकरांनी शिकवलं आणि टाके गावातल्या पोराला पडले.

म्हणून मागण्या करते. वानर पकडण्याचा अर्ज आला की परवानगीआधी कुणीतरी जाऊन टोळी मोजावी : नर किती, माद्या किती, अंगावर पिणारी पिल्लं किती. दुर्बीण आणि दोन सकाळी एवढंच लागतं. पाजत्या माद्या असतील तर एकटा हुप्प्या उचलू नये. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा नर असेल तर गोष्ट निराळी, तो हलवावाच लागेल. पण ते शेवटचं पाऊल असावं. आज ते पहिलंच पडतं.

घाटात जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी खाऊ घालणाऱ्यांची पावती जागच्या जागी फाटावी. नुसत्या फलकाने काही होत नाही, फलकाखालीच केळी वाटताना मी लोक पाहिले आहेत. कणसं भाजणाऱ्या बायकांना मात्र कृपा करून हाकलू नका, त्यांचं पोट त्या चार महिन्यांवर आहे. त्यांना झाकणाचे डबे द्या, उष्टी कणसं त्यात पडू देत. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून झाडाझाडांमध्ये पूल टांगले आहेत. तसे दोन-तीन ताम्हिणीत बांधून बघायला हरकत नसावी.

आणि वालाचे पैसे. शेतकऱ्याला नुकसानीची रक्कम त्याच हंगामात हातात पडली तर पिंजऱ्याचे निम्मे अर्ज येणारच नाहीत. माझा भाऊ काही वानरांचा वैरी नाही. त्याच्या अंगणातल्या उंबरावर टोळी रात्रीला असते आणि त्याला त्याची सवय आहे. त्याला फक्त शेंगा हव्या आहेत.

माघातली तीन पिल्लं आता राखाडी व्हायला लागली आहेत. पण गावात दुसऱ्या अर्जाची भाषा सुरू झाली आहे, कारण नवा हुप्प्याही दुकानाच्या पायरीवर बसायला शिकला. सह्या गोळा करायचं काम भावाकडेच आहे. मी त्याला कसंबसं पावसाळा संपेपर्यंत थांबवलं आहे. आपलं उत्तर त्याआधी आलं तर त्याला दाखवता येईल.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका
कोथरूड, पुणे