रंकाळ्याकडे बारा महिने लक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

रंकाळा तलावावर फिरायला येणारे पाहुणे शालिनी पॅलेससमोर फोटो काढतात, चौपाटीवर भेळ खातात आणि अंबाबाईचं दर्शन घेऊन परत जातात, पण आमच्यासाठी रंकाळा म्हणजे रोजचं जगणं आहे. पहाटे वॉकला येणारी मंडळी, गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यासमोर काढून ग्लासात मिळणारं फेसाळ कोमट दूध, संध्याकाळी कट्ट्यावर रंगणाऱ्या गप्पा, हे सगळं या पाण्याच्या जिवावर चाललंय. पाणी कमी झालं की पाण्यात बुडालेला संध्यामठ, म्हणजे तलावातली जुनी दगडी वास्तू, उघडा पडतो, तो बघायला तर म्हातारी माणसं पण नातवंडांना घेऊन येतात.

आणि या पाण्यात सांडपाणी मिसळतं, त्यावर जलपर्णी वाढते, वास सुटतो. मग जेसीबी लावून जलपर्णी काढायची, फोटो छापून आणायचे, पुढच्या वर्षी परत तेच. अहो, वरवरची पर्णी काढून काय होणार, तिला खत पुरवणारं सांडपाणी बंद झालं पाहिजे ना. लोकांनी रंकाळ्याऐवजी शेजारच्या इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडखाणीत, गणपती विसर्जन करायचं मनावर घेतलं, म्हणजे लोक ऐकतात, हे तर सिद्ध झालंय. आता संबंधितांनी रंकाळ्यात येणारे नाले अडवून सगळं सांडपाणी प्रक्रियेला वळवावं आणि काम कुठवर आलं ते दर महिन्याला चौपाटीवर बोर्ड लावून सांगावं, एवढीच कळकळीची विनंती.

– एक रंकाळाप्रेमी, कोल्हापूर